एक्सप्लेनर : हातात पदवी, नोकरी शहरात, ‘श्री ४२०’ ते ‘गमन’, पडद्यावरचा बेरोजगार तरुण कसा बदलला?

सेलू (जि. परभणी) : सेलू स्थानकावर मुंबईकडे जाणाऱ्या देवगिरी एक्स्प्रेसची वाट पाहणाऱ्यांत पाठीवर बॅग आणि मोबाइलमध्ये हॉलतिकीट घेतलेली मुले हमखास दिसतात. कुणाची परीक्षा, कुणाची मुलाखत. या मुलाची गोष्ट सिनेमाने सत्तर वर्षांपूर्वीच सांगायला घेतली होती.

सुरुवात कधी झाली?
बिमल रॉय यांच्या ‘नौकरी’मध्ये (१९५४) किशोर कुमार कामासाठी खेड्यातून कोलकात्याला जातो. पुढच्याच वर्षी ‘श्री ४२०’मध्ये राज कपूर अलाहाबादहून मुंबईत येतो आणि प्रामाणिकपणाचे पदक गहाण टाकतो. तरी शेवटी आशा उरते. देश नुकताच स्वतंत्र झाला होता.

मग काय बदलले?
सत्तरच्या दशकात ही आशा आटली. सत्यजित राय यांच्या ‘प्रतिद्वंद्वी’त (१९७०) मुलाखतीत प्रश्न येतो : गेल्या दहा वर्षांतील सर्वांत महत्त्वाची घटना कोणती? माणूस चंद्रावर उतरला, हे अपेक्षित उत्तर. सिद्धार्थ म्हणतो, व्हिएतनाम युद्ध. नोकरी हुकते. मृणाल सेन यांच्या ‘इंटरव्ह्यू’चा (१९७१) नायक तर सूट न मिळाल्याने मागे पडतो.

परभणीचा संबंध काय?
१९७४ मध्ये मराठवाडा विकास आंदोलनात नोकऱ्या, उद्योग आणि ब्रॉडगेज रेल्वेसाठी विद्यार्थी रस्त्यावर उतरले. तेव्हा परभणी जिल्ह्यात असलेल्या वसमतमध्ये पोलिस गोळीबारात दोन विद्यार्थी मृत्युमुखी पडले. सेलूहून मुंबईला जायचे तर त्या काळी मीटरगेजने मनमाड गाठून गाडी बदलावी लागे. त्याच वर्षी ‘रोटी कपडा और मकान’ आला. त्यातला भारत इंजिनिअर आहे, पण बेकार. वडिलांच्या चितेवर तो पदवीही जाळतो. (इंजिनिअरिंग करून बातम्या लिहिणाऱ्या प्रस्तुत प्रतिनिधीला हा प्रसंग जरा जास्तच लागतो.)

आज कोणता पाहावा?
मुझफ्फर अली यांचा ‘गमन’ (१९७८). बाकीच्या सिनेमांचे लक्ष शहरावर. मागे राहिलेले घर त्यांत फारसे दिसत नाही. ‘गमन’मध्ये ते दिसते. उत्तर प्रदेशातील गावात पत्नी (स्मिता पाटील) वाट पाहते, पती गुलाम हसन (फारुख शेख) मुंबईत टॅक्सी चालवतो. शेवटी तो स्टेशनवर येतो. गाडी समोर उभी असते. साठवलेले पैसे तिकिटातच गेले तर घरी काय न्यायचे, या हिशेबात तो फलाटावरच थांबतो.