सलाईन न लावलेली मुलं

मूल तापाने फणफणलंय, पण तळपाय गार. नाडी हाताला जेमतेम लागते. नखावर दाबून सोडलं, तर लाली परतायला तीन सेकंद जातात. अशा मुलाला पहिल्या तासातच शिरेतून भराभर सलाईन द्यायचं, म्हणजे डॉक्टरांच्या बोलीत ‘बोलस’ द्यायचा, हे बालरोगतज्ज्ञांना तोंडपाठ होतं. आधार मुख्यतः १९९१ साली ‘जामा’ या अमेरिकी नियतकालिकात आलेल्या एका निबंधाचा. त्यात मुलं होती ३४. किलोमागे ४० मिलिलिटरहून जास्त द्रव मिळालेली फक्त ९, त्यांतली ८ वाचली. कोणाला किती द्यायचं, हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नव्हतं. एवढ्याशा पायावर केवढा इमला!

या इमल्याला धक्का दिला कॅथरिन मेटलँड यांनी. लंडनच्या इम्पिरिअल कॉलेजच्या या प्राध्यापक बाई २००० पासून केनियात, मोंबासाच्या उत्तरेला समुद्राकाठच्या किलिफी गावी काम करतात. त्या बोलसच्या विरोधक मुळीच नव्हत्या. २००५ साली त्यांनीच प्रसिद्ध केलं होतं, की गंभीर मलेरियाच्या मुलांना अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातल्या एका प्रथिनाचं द्रावण, दिलं तर ५६ पैकी २ दगावतात आणि सलाईन दिलं तर ६१ पैकी ११. पुढची मोठी चाचणी, ‘फीस्ट’, याच आशेवर उभी राहिली.

केनिया, युगांडा आणि टांझानियातली सहा रुग्णालयं. एका गटाला अल्ब्युमिनचा बोलस, दुसऱ्याला सलाईनचा, तिसऱ्याला बोलसच नाही. फक्त सावकाश चालणारं नेहमीचं सलाईन. प्रतिजैविकं, मलेरियाची औषधं, ऑक्सिजन सगळ्यांना. हा तिसरा गट श्रीमंत देशात कोणत्याही नैतिकता समितीने मंजूर केला नसता. इथे तो शक्य झाला, कारण या रुग्णालयांत बोलस तसाही क्वचितच दिला जाई. उपचार जिथे पोचलाच नव्हता, तिथेच त्याची खरी परीक्षा होऊ शकली. मला या सगळ्या प्रकरणातली हीच गोष्ट सर्वांत अस्वस्थ करते.

ठरली होती ३६०० मुलं. जानेवारी २०११ मध्ये देखरेख समितीने मुलं घेणं थांबवायला लावलं. ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये आलेल्या निबंधात या तिन्ही गटांतल्या मिळून ३१४१ मुलांचा हिशेब आहे. ४८ तासांत अल्ब्युमिनच्या गटात १०.६ टक्के मुलं गेली, सलाईनच्या गटात १०.५, आणि बोलस न दिलेल्यांत ७.३.

टीका जोरात झाली. निम्म्याहून जास्त मुलांना मलेरिया होता, व्हेंटिलेटर नव्हते, शॉकची, म्हणजे रक्ताभिसरण अपुरं पडण्याची, व्याख्या सैल होती. शेवटचा आक्षेप वजनदार खरा. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कडक व्याख्येत बसणारी ६५ मुलं वेगळी काढून पाहिली, तरी पारडं बोलसच्या बाजूने झुकेना.

मग मुलं गेली कशाने? सगळ्यांचा तर्क होता, फुप्फुसांत पाणी साठलं असणार. २०१३ मध्ये मेटलँड आणि सहकाऱ्यांनी एकेक मृत्यू तपासला. जादाचे मृत्यू मुख्यतः रक्ताभिसरण कोसळून झालेले निघाले. त्याहून चटका लावणारी गोष्ट अशी, की पहिल्या तासाअखेर बोलस मिळालेली मुलं जास्त प्रमाणात सावरलेली दिसत होती. खाटेशी उभ्या डॉक्टरला उपचार लागू पडताना डोळ्यांनी दिसत होता. मरण काही तासांनी यायचं, कदाचित पाळी बदलल्यावर.

२०२० च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी वाट दुभागली. अतिदक्षता विभाग हाताशी असेल, तर पहिल्या तासात किलोमागे ४० ते ६० मिलिलिटरपर्यंत, थोडं थोडं, तपासत. विभाग नसेल आणि रक्तदाब उतरलेला नसेल, तर बोलस नकोच. आपल्याकडे तालुक्याच्या रुग्णालयात रात्री एकट्याने ड्यूटी करणाऱ्या डॉक्टरला यातला दुसरा परिच्छेद पाठ हवा.

मेटलँड मग रक्ताकडे वळल्या. युगांडा आणि मलावीत झालेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ट्रॅक्ट’ चाचणीत तीव्र रक्तक्षयाच्या ३१९६ मुलांना किलोमागे २० किंवा ३० मिलिलिटर रक्त दिलं गेलं. एकूण मृत्यूंत फरक नाही. पण ताप असलेली मुलं वेगळी काढल्यावर चित्र उलगडलं: ताप नसेल तर ३० बरे, ताप असेल तर २०. रक्ताची पिशवी टांगण्याआधी थर्मामीटर लावायचा, एवढाच त्याचा खर्च.