दांडपट्टा फारच भारी झाला तर? टेबलटॉप खेळातल्या हातघाईचा समतोल

समजा, यवतमाळातल्या एका घरात रविवारी दुपारी पाच जण फासे घेऊन बसले आहेत. एक जण सूत्रधार, म्हणजे गोष्ट सांगणारा. बाकीचे चौघे त्या गोष्टीतले वीर. टिपेश्वरच्या जंगलात राक्षस लपला आहे. लढाई सुरू होते आणि एकाचा दांडपट्टा दोन फेऱ्यांत राक्षसाला संपवतो. बाकीचे तिघे मोबाइल काढतात. पुढच्या रविवारी त्यातले दोघे येतच नाहीत.

इथे चूक खेळाडूची नाही, नियमांची आहे. असे नियम घरच्या घरी बनवणाऱ्यांनी हातघाईच्या लढाईचा समतोल कसा साधायचा, ते पाहू.

समतोल म्हणजे सारखेपणा नव्हे

सगळ्या शस्त्रांचा वार सारखाच ठेवला, तर निवडीला अर्थ उरत नाही. समतोल म्हणजे प्रत्येक शस्त्राला त्याचा दिवस मिळणं, आणि प्रत्येक ताकदीची काहीतरी किंमत असणं.

आधी सरासरी काढा

या प्रकारचा पहिला गाजलेला खेळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ 1974 साली आला. त्याच्या आजच्या आवृत्तीत वीस बाजूंचा फासा टाकून त्यात कौशल्याचे गुण मिळवतात. बेरीज शत्रूच्या बचावाइतकी किंवा जास्त झाली, की वार लागतो.

बचाव 15 आणि कौशल्य 5 धरा. फाशावर 10 ते 20 पडलं तर वार लागेल. वीसपैकी 11 बाजू, म्हणजे 55 टक्के. तलवारीला आठ बाजूंचा फासा आणि वर 3 गुण दिले, तर लागलेल्या वाराची सरासरी 4.5 अधिक 3, म्हणजे 7.5. त्याचे 55 टक्के काढले की दर फेरीला साधारण 4.1 इजा होते.

आता दांडपट्ट्याला असेच दोन वार दिले, तर आकडा थेट 8.2 होतो. मग तलवार घेईल कोण?

किंमत शस्त्राच्या स्वभावातून काढा

महाराष्ट्र सरकारने 2024 मध्ये राज्यशस्त्र म्हणून जाहीर केलेल्या दांडपट्ट्याचं पातं लांब आणि लवचिक असतं. हात खोबळ्यात अडकलेला असल्याने मनगट मोकळेपणी वळत नाही. वार हात फिरवून करावा लागतो. त्याला मोकळी जागा हवी. हीच त्याची किंमत.

नियम असा करता येईल: पहिल्या वाराला सहा बाजूंचा फासा अधिक 3, दुसऱ्याला फक्त चार बाजूंचा फासा. शेजारच्या चौकटीत सोबती उभा असेल, तर दुसरा वार नाही. मोकळ्या जागेत सरासरी जवळपास 5 येते, गर्दीत 3.6. तलवार 4.1 वर स्थिर. आता कुठे उभं राहायचं, याचा विचार चौघांनाही करावा लागतो.

विटा म्हणजे दोरी बांधलेला भाला. तो दोन चौकटी दूर फेकता येऊ द्या, पण ओढून परत घेण्यात पुढची फेरी जाऊ द्या. ढालीने बचाव 2 ने वाढवला, तर शत्रूच्या वीसपैकी दोन बाजू निकामी होतात. पण एक हात अडकतो.

इजेपेक्षा धोकादायक गोष्ट

लाठीच्या फटक्याने शत्रूला भोवळ येऊन त्याची फेरी गेली, असा नियम साधा वाटतो. पण राक्षस एकटा आणि वीर चार असतील, तर त्याची एक फेरी जाणं म्हणजे शत्रूपक्षाची सगळी ताकदच जाणं. तोच फटका दर फेरीला बसला, तर लढाई तिथेच संपते. म्हणून अशी कौशल्यं एका लढाईत एकदाच वापरू द्या.

मग खेळून पाहा

कागदावरचं गणित अर्धंच काम करतं. तीन लढाया खेळा: एक मोठा शत्रू, अनेक छोटे शत्रू, आणि अरुंद जागा, उदाहरणार्थ विहिरीच्या पायऱ्या. तिन्हींत एकच शस्त्र जिंकलं, तर त्याची किंमत वाढवा. एखादं तिन्हींत हरलं, तर त्याला काहीतरी द्या. जमल्यास मर्दानी खेळांचं प्रात्यक्षिक एकदा जवळून बघा. कोणत्या शस्त्राला किती जागा लागते, ते लगेच कळतं.

शेवटी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: तुझी पाळी येईपर्यंत कंटाळा आला का? चौघांनीही ‘नाही’ म्हटलं, की समतोल जमला.