खेळा, ऐका आणि थोडे लिहासुद्धा!

सुट्ट्या लागल्या की घरोघरी एकच वाक्य ऐकू येते : "ठेव तो मोबाईल!" पुसद असो, दिग्रस असो की आर्णी, वाक्य तेच, फक्त आवाजाची पट्टी बदलते. गंमत अशी की हे बजावणाऱ्या अब्बूंच्या हातातही मोबाईलच असतो.

मुले त्यावर करतात तरी काय? खेळतात आणि गाणी ऐकतात. हे दोन्ही शौक जुनेच. लुडो म्हणजे आपल्या पचिसीचा इंग्रजी अवतार. १८९६ साली इंग्लंडमध्ये त्याचे पेटंट घेतले गेले. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये तोच खेळ 'लुडो किंग' होऊन आपल्या मोबाईलवर आला आणि दादीजानसुद्धा नातवाची सोंगटी मारताना मुलाहिजा ठेवीनाशा झाल्या!

गाण्यांचेही तसेच. अमीन सयानींची गीतमाला १९५२ साली रेडिओ सिलोनवर सुरू झाली. आमच्या पिढीने ती विविध भारतीवर ऐकली. रेडिओ एक आणि ऐकणारे सात. पहिल्या क्रमांकावर कोणते गाणे येणार, यावरून भांडणे व्हायची. आता चार जणांच्या कानांत चार इयरफोन. भांडण मिटले, पण बोलणेही कमी झाले.

खेळात पैसा शिरला, की मात्र गंमत संपते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जुगार हराम आहे, हे समजायला आपल्याला संसदेची गरज नव्हती. पण "हा जुगार नाही, डोक्याचा खेळ आहे" म्हणणाऱ्यांची पळवाट बंद झाली, हे बरेच झाले.

तरी खिसा पूर्ण सुरक्षित नाही. फुकट म्हणवणाऱ्या खेळातही बंदुकीला रंग आणि पात्राला नवे कपडे विकत मिळतात. मुलांची ईदी तिथे जाते. ईदचे कपडे निदान अंगावर तरी घालता येतात!

आणि वेळेचे काय? तो हिशेब कोणताही कायदा ठेवणार नाही, घरालाच ठेवावा लागेल. त्यासाठी माझ्या वर्गातला एक प्रयोग सांगतो. 'माझा आवडता खेळ' या निबंधात सगळी मुले क्रिकेट लिहितात, तेही गाईडमधले. एका मुलाचे अर्धे पानही कधी भरत नसे. त्याला म्हटले, "बेटा, तू खरोखर जो खेळ खेळतोस, त्यावर लिही."

दुसऱ्या दिवशी अडीच पाने! शंभर खेळाडू विमानातून कसे उड्या मारतात, सुरक्षित जागेचे वर्तुळ कसे लहान होत जाते, सारे क्रमवार लिहिले होते. शेवटी लिहिले होते, 'मी घाई करतो म्हणून लवकर मरतो.' वर्ग खळखळून हसला. मी विचारले, "आणि गणिताच्या पेपरात?" तो म्हणाला, "सर, तिथेही तसेच होते."

इतकी वर्षे आम्ही त्याला जे सांगत होतो, ते त्याला लिहिता लिहिता स्वतःच सापडले. यालाच लोक ब्लॉग म्हणतात. १९९७ मध्ये 'वेबलॉग' शब्द निघाला, १९९९ मध्ये त्याचा 'ब्लॉग' झाला. मुळात ती चारचौघांना वाचू दिलेली रोजनिशीच. तिला इंटरनेट हवेच असे नाही. शंभर पानी वहीसुद्धा चालते. मराठीत लिहा, उर्दूत लिहा, पण पूर्ण वाक्ये लिहा. इंग्रजी अक्षरांत चॅटिंग करून करून मुलांची दोन्ही भाषांची लिपी सुटत चालली आहे.

म्हणून पालकांना एक सुचवतो. तासभर खेळ झाला की अर्धे पान लिहून घ्या : काय खेळलो, का हरलो, त्यात काय आवडले. आवडत्या गाण्यातला न कळलेला उर्दू शब्द दादीजानना विचारायला लावा आणि अर्थ वहीत उतरवून घ्या. रात्री जेवणानंतर ते पान सर्वांसमोर वाचू द्या. अट एकच : त्या दहा मिनिटांत अब्बूंचा मोबाईलही कपाटात राहील.

आमच्या वर्गातली ती वही सध्या तिसऱ्या मुलाकडे आहे. चौथा नंबर लावून बसला आहे.