मानवी ऊतींतील औषधांचे मापन

मानवी ऊतींतील औषधांचे मापन म्हणजे यकृत, मूत्रपिंड, मेंदू, केस इत्यादींच्या नमुन्यात कोणते औषध वा विष आहे आणि ते किती प्रमाणात आहे, हे प्रयोगशाळेत ठरविणे होय. महाराष्ट्रात शवविच्छेदनाच्या वेळी राखून ठेवलेल्या अवयवांची (व्हिसेरा) अशी तपासणी गृह विभागाच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळांत होते. मुंबईत कालिना येथे मुख्य प्रयोगशाळा असून पुणे, नागपूर इत्यादी ठिकाणी प्रादेशिक प्रयोगशाळा आहेत.

नमुन्याची तयारी

ऊतींतील प्रथिने व मेद मापनात अडथळा आणतात. त्यामुळे ऊती वाटून एकजीव करतात व द्रावकाच्या साहाय्याने औषध वेगळे काढतात. बेल्जियन रसायनशास्त्रज्ञ झाँ सेर्व्हे स्तास यांनी १८५० मध्ये मृताच्या ऊतींतून निकोटीन वेगळे करून या पद्धतीचा पाया घातला.

पद्धतींची तुलना

• इम्युनोअसे : प्रतिपिंडांवर आधारित, जलद चाचणी. रचनेने सारखी असलेली इतर औषधेही प्रतिसाद देत असल्याने तिचा निष्कर्ष प्राथमिक मानतात.
• पातळ थर वर्णलेखन : स्वस्त व सोपी पद्धत, परंतु संवेदनशीलता कमी आणि अचूक मापनास अपुरी.
• वायू वर्णलेखन व द्रव्यमान वर्णपटमापन : रेणूच्या तुकड्यांवरून खात्रीशीर ओळख पटते. मात्र पदार्थ बाष्पनशील व उष्णतेत टिकणारा असावा लागतो.
• द्रव वर्णलेखन व द्विस्तरीय द्रव्यमान वर्णपटमापन : उष्णतेने विघटन पावणारी औषधेही अत्यल्प प्रमाणात मोजता येतात. उपकरण महाग असते व ऊतींतील इतर घटकांमुळे संकेत दबू शकतो; तो दोष टाळण्यासाठी ज्ञात प्रमाणात आंतरिक मानक मिसळतात.

निष्कर्षाचा अर्थ

‘आढळले नाही’ याचा अर्थ ‘नव्हते’ असा होत नाही; प्रमाण पद्धतीच्या शोधमर्यादेखाली असू शकते किंवा त्या पदार्थाची चाचणीच झालेली नसते. पुण्याच्या लक्ष्मीबाई कर्वे यांचा १३ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत मृत्यू झाला. शवविच्छेदन काही दिवसांनी झाले आणि रासायनिक विश्लेषणात विष आढळले नाही. तरीही परिस्थितिजन्य पुराव्यावरून डॉ. अनंत चिंतामण लागू दोषी ठरले व डिसेंबर १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ती शिक्षा कायम केली.

याउलट, औषध आढळले म्हणजे मृत्यूचे कारण सिद्ध झाले असेही नाही. मृत्यूनंतर काही औषधे अवयवांतून रक्तात उतरतात व तेथील प्रमाण वाढलेले दिसते. म्हणून एकाहून अधिक ठिकाणचे नमुने घेऊन, प्राथमिक चाचणीचा निष्कर्ष वेगळ्या तत्त्वावरील पद्धतीने पडताळतात.