नोकरी सोडून समुद्रकाठी

चांगली चाललेली नोकरी कोणी आपण होऊन सोडली, ही वार्ता आपल्या घरांत अद्यापि दुखवट्याच्याच सुरात सांगितली जाते. तीन वर्षांपूर्वी आमच्या ताईने, आपल्या मुलाने पुण्याच्या एका संगणक-कंपनीतील नोकरीचा राजीनामा दिल्याचे आम्हांस कळविले, तेव्हा तिचा सूर असाच होता. पुढचे ऐकून तर आम्हीही चमकलो. चिरंजीव दापोली तालुक्यातील आमच्या समुद्रकाठच्या गावी, म्हणजे आपल्या आजोळी, जाऊन योगासने शिकविणार होते! आणि त्याकरिता आम्हां तिघा भावांच्या सामाईक मालकीचे, वर्षातून एकदा आंब्याच्या दिवसांत उघडावयाचे घर त्यास हवे होते.

त्या वेळी आम्ही त्यास जे पत्र लिहिले, त्याची आज थोडी लाज वाटते. घरी बायको आहे, सात वर्षांची मुलगी आहे, वडील सेवानिवृत्त झाले आहेत. योग म्हणजे संसारातून पळ काढण्याची वाट नव्हे, असे आम्ही त्यास बजाविले होते. त्याचे उत्तर चार ओळींचे आले. "मामा, रात्री दोन वाजेपर्यंत मी अमेरिकेतल्या माणसांशी बोलत असतो. मुलगी शाळेत जाते तेव्हा मी निजलेला असतो. ती निजते तेव्हा मी कामावर असतो. संसारातून पळालेला मी आजच आहे. आता परत यावे म्हणतो." यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. घराचे कर्ज फिटेपर्यंत नोकरी सोडू नये आणि रीतसर शिकल्यावाचून कोणास शिकवू नये, या दोन अटी घालून आम्ही तिघा भावांनी त्यास किल्ली दिली. दोन्ही अटी त्याने पाळल्या. राजीनामा कर्ज फिटल्यावरच अमलात आणला, आणि लोणावळ्यास जाऊन अभ्यासक्रम पुरा केल्यावर मगच तो कोकणात उतरला.

वस्तुतः योग आणि समुद्रकाठ यांची सांगड आपल्याकडे नवी नाही. मुंबईजवळचे वर्सोवे हे कोळ्यांचे गाव होते, त्या काळी तेथे दादाभाई नौरोजी यांचा बंगला होता. दादाभाई १९१७ साली निवर्तले. पुढच्याच वर्षी, १९१८ च्या नाताळात, त्याच बंगल्यात मणिभाई देसाई नावाच्या एकवीस वर्षांच्या गुजराती तरुणाने सामान्य लोकांकरिता योगाचे वर्ग सुरू केले. नर्मदाकाठच्या परमहंस माधवदासजींच्या सहवासासाठी त्याने मुंबईतील कॉलेज सोडले होते. श्रीयोगेंद्र या नावाने पुढे प्रसिद्धीस आलेले गृहस्थ ते हेच. 'गृहस्थ' हा शब्द आम्ही जाणूनबुजून योजला आहे. संन्यास न घेता १९२७ साली त्यांनी विवाह केला, आणि त्यांच्या पत्नी सीतादेवी यांनी स्त्रियांना योग शिकविण्याचे काम अंगावर घेतले. त्यांची संस्था १९४८ पासून सांताक्रूझ येथे आहे. माधवदासजींचेच दुसरे शिष्य स्वामी कुवलयानंद. अमळनेरच्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्यपद भूषविल्यानंतर त्यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले आणि आसनांचा शरीरावर होणारा परिणाम क्ष-किरणांच्या साहाय्याने तपासण्यास आरंभ केला. गुहेतील विद्या घरात आणावयाची, हा दोघांचाही ध्यास होता.

तथापि इतिहास चांगला असला म्हणून चूल पेटत नाही. आमच्या भाच्याचे पहिले वर्ष कठीण गेले. दिवाळीत आणि मे महिन्यात पुण्यामुंबईचे प्रवासी येत, वाळूत दोन आसने करीत, छायाचित्रे काढून घेत आणि निघून जात. गावातले मात्र कोणी फिरकेना. अखेर शेजारच्या एका काकूंनी त्यास तोंडावर सांगितले, "गुरुजी, लावणीत आमची कंबर दिवसभर वाकलेलीच असते. ती आणखी वाकवून तुम्ही काय करणार?"

दुसरा कोणी असता तर गाव अडाणी म्हणून मोकळा झाला असता. हा दुसऱ्या दिवशी गुडघाभर चिखलात लावणीस उतरला आणि चार दिवस स्वतः अंथरुणास खिळला. तेव्हा त्यास उमगले की, खुर्चीत बसून आखडलेल्या माणसास जे शिकवावयाचे, ते कष्टाने दमलेल्या माणसास शिकवून चालणार नाही. पुढे वाकण्याची आसने त्याने बाजूस ठेविली. पालथे निजून अंग सैल सोडावयाचे मकरासन, बेताचे भुजंगासन, सावकाश लांबविलेला उच्छ्वास आणि शेवटी शवासन, एवढाच धडा त्याने दिवेलागणीनंतर आमच्या ओटीवर सुरू केला. पहिल्या दिवशी तीन बायका आल्या. त्यांतल्या दोघी शवासनात घोरू लागल्या, तेव्हा हा म्हणे मनातून फार सुखावला!

गेल्या गणपतीत आम्ही गेलो, तेव्हा ओटीवर एकोणीस माणसे मोजली. पावसाळ्यात, १ जून ते ३१ जुलै या मासेमारी-बंदीच्या काळात, हर्णै बंदरावरील नौकांचे खलाशीही जाळी ओढून धरलेले खांदे घेऊन येतात, असे कळले. ज्यांचा रक्तदाब वाढलेला आहे वा डोळ्यांत काचबिंदू आहे, त्यांस तो शीर्षासनाच्या वाटेस जाऊ देत नाही, आणि दुखणे जुने दिसले की आधी डॉक्टरांकडे धाडतो. आसनाने सर्व रोग बरे होतात असे त्याच्या तोंडून एकदाही निघाले नाही, हे आम्हांस विशेष भावले.

येथे सर्व गोड झाले असे मात्र वाचकांनी समजू नये. त्याची प्राप्ती पूर्वीच्या पगाराच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी आहे. सूनबाई पुण्याच्या एका दुकानाचे हिशेब घरूनच लिहितात. पावसात वीज गेली की तेही अडते. मुलगी गावच्या शाळेत रमली आहे, परंतु पुढच्या शिक्षणाचे काय, हा प्रश्न रात्री माजघरात निघतोच निघतो. आम्हीही तो काढला. सूनबाई म्हणाल्या, "मामा, तो प्रश्न आम्ही दोघे मिळून सोडवतो आहोत. पुण्यात तो मी एकटीच सोडवीत होते."

आमच्या मते या गोष्टीचा सारा अर्थ या एका वाक्यात आहे. नोकरी सोडणे म्हणजे वैराग्य नव्हे, आणि समुद्रकाठी राहणे म्हणजे साधना नव्हे. पतंजलींनीही यमनियमांना पहिले स्थान दिले आहे. आसनांचा क्रम त्यानंतर लागतो. जे सोडले त्याच्या जागी घरच्यांप्रत आणि गावाप्रत अधिक नेमाचे कर्तव्य उभे राहिले, तरच ते सोडणे शोभते. आणि असे पाऊल कोणी एकट्याने टाकूही नये. कर्ज आधी फेडणारा मुलगा, हिशेब लिहिणारी सून, किल्ली देणारे मामे अशा साऱ्यांचे ते पाऊल असते. आपल्या एकत्र कुटुंबास आजही काही प्रयोजन उरले असेल, तर ते हेच नव्हे काय?

निघताना आम्ही ताईस आमच्याबरोबर चलण्याविषयी विचारले. ती म्हणाली, "तू हो पुढे. संध्याकाळी माझा वर्ग आहे."