छेरछेरा

गोंदिया जिल्हा हा भाताचा मुलूख. येथे भातास धान म्हणतात. कापणी व मळणी आटोपून पौषापर्यंत ते घरोघरच्या कोठीत येऊन पडते. सालेकसा व देवरी या तालुक्यांच्या पूर्वेस छत्तीसगड आहे. सीमेपलीकडील त्या मुलखातही पीक हेच. आणि तेथे पौष पौर्णिमेस ‘छेरछेरा’ हा सण असतो.

त्या दिवशी मुलांच्या टोळ्या टोपल्या व पिशव्या घेऊन निघतात. दारोदारी थांबून ती सुरात ‘छेरछेरा’ अशी हाक घालतात आणि घरच्या माउलीस कोठीतील धान काढावयास सांगतात. हे मागणे विनवणीचे नव्हे, हक्काचे! धान मिळेपर्यंत येथून हलणार नाही, असे गाण्यातच बजावलेले असते. कोणी ओंजळभर घालतो, कोणी सूपभर. परंतु रिकाम्या हाताने कोणास परत धाडीत नाहीत.

शेतमालकाचा मुलगा आणि त्याच शेतात राबलेल्या मजुराचा मुलगा या दिवशी बरोबरीने मागत फिरतात. एरवी ज्या वाड्यात पाऊल टाकण्यास मजुराचा मुलगा संकोचेल, तेथे तो आज मोठ्याने गातो. मालकाचा मुलगाही मजुराच्या झोपडीपुढे टोपली धरतो, मूठभर धानासाठी.

जमलेले धान विकून काही मुले खाऊ घेतात. काही टोळ्या ते एकत्र रांधून जेवतात.