शब्द जपणारे, शब्द पाळणारे प्राध्यापक
— एक विद्यार्थी, द्वितीय वर्ष कला

‘हिमगौरी आणि सात बुटके’ ही गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी ऐकली किंवा वाचली असेल. ग्रिम बंधूंनी संग्रहित केलेल्या जर्मन लोककथांपैकी ती एक, हेही काहींना ठाऊक असेल. माझी माहिती तेवढ्यावरच थांबत होती. परंतु त्या दोघांतले थोरले याकोब ग्रिम हे जर्मन भाषेचे प्राध्यापक होते, त्यांनी उभे आयुष्य भाषेसाठी वेचले आणि दिलेल्या शब्दाखातर प्राध्यापकाची नोकरीही घालवली, हे मला यंदा आपल्या ग्रंथालयात भाषाशास्त्राची पुस्तके चाळताना कळले. त्यांच्याविषयी लिहावेसे वाटण्याला एक घरगुती कारण आहे. ते आधी सांगतो.

माझे आईवडील शेतकरी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. नववीत असताना ‘पावसाळ्यातील एक दिवस’ या निबंधात मी लिहिले होते, ‘चार दिवस उघडीप मिळाली आणि रान वाफशावर आले.’ निबंध परत मिळाला तेव्हा त्या शब्दाखाली लाल रेघ होती आणि समासात शेरा होता: ‘ग्राम्य शब्द टाळावेत.’ पावसानंतर जमिनीतले जादा पाणी निघून जाते, पण ओल टिकते. माती पायाला चिकटत नाही आणि पाभर धरता येते. त्या अवस्थेला वाफसा म्हणतात. त्याऐवजी कोणता शिष्ट शब्द लिहायचा हे मला तेव्हा कळले नाही, आजही कळत नाही. मात्र त्या दिवसापासून मी घरचे शब्द घरीच ठेवू लागलो.

याकोब ग्रिम यांचा जन्म ४ जानेवारी १७८५ रोजी जर्मनीतील हानाऊ या गावी झाला. वडील कायदा शिकलेले सरकारी अधिकारी होते. पण १७९६ मध्ये ते वारले, तेव्हा याकोब अवघे अकरा वर्षांचे होते आणि सहा भावंडांत सर्वांत मोठे. मावशीच्या आधाराने याकोब आणि धाकटे विल्हेल्म कासेलच्या शाळेत शिकले. १८०२ साली याकोब मारबुर्ग विद्यापीठात कायदा शिकायला गेले. वडिलांचा हुद्दा पुरेसा मोठा नसल्याने प्रवेशासाठीही खास परवानगी काढावी लागली. शिष्यवृत्ती मिळे ती धनिकांच्या मुलांना. यांना मिळाली नाही. ही गोष्ट त्यांनी पुढे आपल्या आत्मवृत्तात नमूद करून ठेवली आहे. फीसवलतीच्या अर्जासाठी दाखले गोळा करीत हिंडणाऱ्या आपल्यासारख्यांना ती मुद्दाम सांगण्याजोगी वाटते.

मारबुर्गला त्यांना साविनी नावाचे प्राध्यापक भेटले. त्यांनी आपला खाजगी ग्रंथसंग्रह या विद्यार्थ्याला मोकळा केला. तेथे जुन्या जर्मन कवितेची पुस्तके त्यांनी प्रथम पाहिली आणि कायद्याच्या विद्यार्थ्याला भाषेचे वेड लागले. एका शिक्षकाने उघडलेल्या कपाटाने केवढे काम केले!

पुढे कासेलच्या ग्रंथालयात नोकरी करीत असताना दोघा भावांनी लोककथा जमवल्या. पहिला भाग १८१२ मध्ये आणि दुसरा १८१५ मध्ये निघाला. कथा सांगणाऱ्यांत डोरोथेआ फीमान ही एका शिंप्याची बायको होती. ती जवळच्या खेड्यातून कासेलला भाजीपाला विकायला येई. ती एकदा गोष्ट भरभर सांगे आणि मग लिहून घेता यावी म्हणून पुन्हा सावकाश सांगे. अर्थात सगळेच सांगणारे खेड्यातले नव्हते. पुष्कळ कथा शहरातल्या सुशिक्षित घरांतून आल्या आणि पुढच्या आवृत्त्यांत विल्हेल्म यांनी त्यांवर बराच हात फिरवला. तरीही भाजीवालीच्या तोंडची भाषा विद्वानांनी समोर बसून लिहून घ्यावी, ही गोष्ट लहान नव्हे.

१८१९ साली याकोब यांच्या जर्मन व्याकरणाचा पहिला खंड प्रसिद्ध झाला आणि १८२२ मध्ये त्याची नव्याने लिहिलेली आवृत्ती निघाली. भाषाशास्त्रात ‘ग्रिमचा नियम’ म्हणून जो ओळखला जातो, तो या आवृत्तीत आहे. संस्कृतच्या विद्यार्थ्यांना तो चटकन पटेल. संस्कृतात ‘पितृ’, लॅटिनमध्ये ‘पातेर’, पण इंग्रजीत ‘फादर’. संस्कृतात ‘पाद’, इंग्रजीत ‘फूट’. म्हणजे ‘प’च्या जागी ‘फ’ आला. तसेच ‘त्रि’ आणि ‘थ्री’, ‘दश’ आणि ‘टेन’. हा बदल कुठेतरी एखाद्या शब्दात नव्हे, तर जर्मन, इंग्रजी, डच या सबंध कुळात रांगेने झालेला आहे. डेन्मार्कचे रास्मुस रास्क यांना अशा जोड्या आधी, १८१८ मध्येच, दिसल्या होत्या. त्यांची पद्धतशीर मांडणी ग्रिम यांनी केली. जर्मनमध्ये पुढे आणखी एक फेरबदल झाला, तोही त्यांनी दाखवला. यातून एक गोष्ट मला उमगली. उच्चार बदलतात ते लोक अडाणी आहेत म्हणून नव्हे. त्या बदलाला शिस्त असते आणि ती शोधायला कान द्यावा लागतो.

१८३० पासून ते ग्योटिंगेन विद्यापीठात प्राध्यापक आणि ग्रंथपाल म्हणून काम करू लागले. हे विद्यापीठ हानोवरच्या राज्यात होते. तेथे १८३३ साली राज्यघटना आली आणि प्राध्यापकांनी तिच्याशी निष्ठेची शपथ घेतली. १८३७ मध्ये एर्न्स्ट आउगुस्ट हे नवे राजे गादीवर आले आणि त्यांनी ती घटना रद्द केली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सात प्राध्यापकांनी लेखी निषेध केला: घेतलेली शपथ राजाच्या हुकमाने सुटत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्या सातांत दोघे ग्रिम बंधू होते. डिसेंबरमध्ये सातही जण बडतर्फ झाले. याकोब आणि आणखी दोघांना तर तीन दिवसांत राज्य सोडण्याचा हुकूम झाला. याकोब तेव्हा बावन्न वर्षांचे होते. घरदार, नोकरी, जमवलेली पुस्तके, सगळे पणाला लागले. विद्यार्थी त्यांना निरोप द्यायला सरहद्दीपर्यंत गेले. आपली बाजू मांडणारी पुस्तिका याकोब यांना १८३८ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे छापून घ्यावी लागली.

याच बेकारीत आयुष्यातले सर्वांत मोठे काम त्यांच्या हाती आले. लाइपझिगच्या प्रकाशकांनी १८३८ मध्ये जर्मन शब्दकोशाची योजना मांडली. ल्यूथरपासून गटेपर्यंतच्या ग्रंथांतून सहकाऱ्यांनी शब्द आणि त्यांची अवतरणे चिठ्ठ्यांवर उतरवायची आणि दोघा भावांनी त्यांतून कोश रचायचा. १८४१ पासून दोघेही बर्लिनला राहून हे काम करू लागले. पहिला खंड १८५४ मध्ये पूर्ण झाला. त्याच्या प्रस्तावनेत याकोब यांनी एका आक्षेपाला आधीच उत्तर देऊन ठेवले आहे. असभ्य समजले जाणारे शब्द कोशात कशाला, असे कोणी विचारील म्हणून ते म्हणतात की कोश हे नीतिपाठांचे पुस्तक नव्हे. भाषेत जे आहे ते त्यात आले पाहिजे. संध्याकाळी घरी बापाने मुलांना जवळ घेऊन कोशातले चार शब्द वाचावेत, अशीही त्यांची कल्पना होती.

‘डी’ हे अक्षर पुरे करून विल्हेल्म १८५९ मध्ये वारले. याकोब एकटेच पुढे चालत राहिले. २० सप्टेंबर १८६३ रोजी त्यांचा मृत्यू झाला तेव्हा काम ‘फ्रुख्ट’ या शब्दापाशी आले होते. या शब्दाचा अर्थ फळ! कोशाचे फळ मात्र त्यांना दिसायचे नव्हते. पुढच्या पिढ्यांनी ते काम चालवले. दुसऱ्या महायुद्धानंतर देशाचे दोन तुकडे झाले, तरी पूर्वेकडील बर्लिन आणि पश्चिमेकडील ग्योटिंगेन येथील अभ्यासक कोशासाठी एकत्र राबले. ज्या १९६१ साली बर्लिनमध्ये भिंत उभी राहिली, त्याच साली बत्तीस भागांचा तो कोश पुरा झाला. योजना ठरल्यापासून एकशे तेवीस वर्षे लोटली होती.

आपल्या मराठीत ‘शब्द’ म्हणजे बोललेले अक्षर आणि ‘शब्द’ म्हणजे दिलेले वचनही. याकोब ग्रिम यांनी दोन्ही सारख्याच निष्ठेने सांभाळले. भाजीवालीचा शब्द त्यांना हलका वाटला नाही आणि स्वतः दिलेला शब्द राजाच्या हुकमापुढेही हलका झाला नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी एक वही केली. आई भाकरी थापीत होती. मी शेजारी बसून तिला शेतातले, जात्यावरचे, गोठ्यातले शब्द विचारू लागलो. ती हसून म्हणाली, “आता ह्ये बी पुस्तकात लिवत्यात व्हय?” पण मग तिलाच हुरूप आला. मी रानात गेलो तरी हाक मारून आठवलेला शब्द सांगे. वहीत आता एकशे बारा शब्द आहेत. पहिला अर्थातच ‘वाफसा’.

आपल्या कॉलेजात किती गावांची मुलेमुली आहेत! कोणाचे आईवडील विणकर, कोणाचे कुंभार, कोणाचे मासेमार. प्रत्येकाने आपल्या घरचे दहा-दहा शब्द अर्थासह चिठ्ठीवर लिहून आणले, तर पुढील वार्षिकात ते छापता येतील. मराठीच्या प्राध्यापकांनीही आम्हांला यात मार्गदर्शन करावे, अशी विनंती आहे. माझी वही तयार आहे.